नलिनीताई आणि तीन स्क्रीन

नलिनीताई देशकर पहिल्यांदा माझ्या क्युबिकलमध्ये आल्या तेव्हा 'हाय' वगैरे काही म्हणाल्या नाहीत. खुर्चीमागे उभ्या राहिल्या, पर्समधून नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा काढला आणि माझ्या मॉनिटरवर धरला. पुठ्ठ्याच्या मधोमध चौकोनी भोक होतं. त्यातून माझ्या स्क्रीनचा डावीकडचा वरचा कोपरा तेवढा दिसत होता. कंपनीचं चिन्ह, आणि मी मोठ्या हौसेने काढलेल्या मशीनच्या चित्राचा एक पाय.

"एवढंच दिसते तिला," त्या म्हणाल्या.

"कोणाला?"

"जी मशीनपाशी उभी आहे तिला. तू हे कोणासाठी करून राहिलास?"

खरं उत्तर होतं, माझ्यासाठी. पण मी पुण्याचा. चूक मान्य करण्याआधी समोरच्याला तीन मुद्दे ऐकवावे लागतात. मी ऐकवले. त्यांनी पुठ्ठा तसाच धरून ठेवून ते सगळे ऐकले आणि म्हणाल्या, "बरं. आता तो अलार्मचा मेसेज या भोकात आणून दाखव."

हे दोन हजार तीनचं साल, गाव चँडलर, ॲरिझोना. आमची कंपनी चिप बनवणाऱ्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. मशीन आजारी पडलं की आमचं सॉफ्टवेअर बोंब मारायचं, आणि ही बोंब तीन ठिकाणी दिसायची. ऑफिसातल्या इंजिनियरच्या मोठ्या मॉनिटरवर, मशीनशेजारी भिंतीवर बसवलेल्या डायरीएवढ्या पॅनेलवर, आणि मशीन दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियनच्या हातातल्या, पत्त्यांच्या जोडापेक्षा जरा मोठ्या यंत्रावर. माहिती एकच, पण ती दाखवणारी सॉफ्टवेअरं तीन आणि ती करणारे गट तीन. मी मोठ्या मॉनिटरच्या गटात, म्हणजे घरातल्या थोरल्या मुलासारखा. सगळं नवीन आधी मला. आमच्याकडे काही बदललं की भिंतीवरच्या पॅनेलला ते महिन्याभराने कळायचं, आणि हातातल्या यंत्राला लग्नाच्या बोलावण्यात राहून गेलेल्या नातेवाइकासारखं कधीतरी बाहेरून.

त्या हातातल्या यंत्राच्या गटात एकच माणूस होतं. नलिनीताई.

तेव्हा त्या बावन्न-त्रेपन्नच्या असतील. उंची पाच फुटांच्या आत, अंगात खादीचा कुर्ता, पायात पांढरे स्नीकर्स, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा आणि कपाळावर पिंजरीचं रुपयाएवढं कुंकू. ऑफिसातले अमेरिकन त्यांना 'नॅलिनी' म्हणायचे. त्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला एकदाच उच्चार सुधारून द्यायच्या, नंतर सोडून द्यायच्या. मूळच्या नागपूरच्या. तिथे पाटबंधारे खात्यात अठरा वर्षं अनुरेखक, म्हणजे नकाशे गिरवणाऱ्या. यजमानांची नोकरी त्यांना इकडे घेऊन आली. इथे आल्यावर दोन वर्षं घरात बसून त्यांनी भिंतींकडे पाहिलं, मग एक दिवस उठून कम्युनिटी कॉलेजात जाऊन नाव घातलं. वर्गातली बाकीची मुलं त्यांच्या मुलीपेक्षा लहान होती. "गृहपाठ मात्र माझ्याच वहीतून उतरवायची," हे त्या अभिमान न लपवता सांगायच्या.

कामाबद्दलचं त्यांचं सगळं शहाणपण त्या नकाशांतून आलेलं होतं. मोठ्या स्क्रीनवरचं लहान स्क्रीनवर न्यायचं म्हणजे आम्ही सगळे एकच करायचो, सगळं बारीक करायचं. नलिनीताई हे पाहिलं की चष्मा काढायच्या.

"तालुक्याचा नकाशा जिल्ह्याच्या नकाशात बसवायचा आहे. काय करशील?"

"लहान करीन."

"सगळं लहान केलं की कागदावर काळा डाग होते, शिरीष. लहान नाही करायचं, सोडायचं. झाडं सोड, पाऊलवाटा सोड, घरं सोड. विहीर नाही सोडायची."

"का?"

"भर उन्हाळ्यात नकाशा घेऊन निघालेला माणूस घरं मोजायला निघालेला नसते."

त्यानंतर कुणाचंही काम पाहताना त्यांचा पहिला प्रश्न असायचा, यातली विहीर कोणती? आमचा मॅनेजर रिक, टेक्सासचा उंचापुरा माणूस, तोही मीटिंगमध्ये विहीर विचारायला लागला. एकदा त्याने आमच्या एका मोठ्या साहेबांच्या पन्नास स्लाइड्सच्या प्रेझेंटेशनमध्ये हा प्रश्न विचारला. साहेबांना विहीर सापडली नाही. रिकला पुढचे दोन महिने मोठ्या मीटिंगचं बोलावणं आलं नाही.

पुठ्ठ्यांचं वेड आमच्या घरापर्यंत आलं ते माझ्या गाडीतून. नलिनीताई फ्रीवेवर गाडी चालवायच्या नाहीत. "सगळे एकाच दिशेने पळतात, कुणीच कुठे पोचलेलं दिसत नाही," हे कारण. म्हणून बरेचदा त्या माझ्याबरोबर यायच्या. जूनमध्ये चँडलरला उन्हात उभ्या गाडीचं स्टिअरिंग म्हणजे तापलेला तवा. माझी बायको अनघा हिने त्यासाठी ओव्हनचे जुने हातमोजे गाडीत ठेवले होते, लाल फुलाफुलांचे. ते घालून गाडी चालवताना मी काय दिसत असेन याचा विचार मी कधीच सोडून दिला होता. नलिनीताईंनी मात्र पहिल्याच दिवशी माझ्या हातांकडे टक लावून पाहिलं.

"रेडिओ बदल बरं."

मी हातमोज्यानिशी बटण दाबलं. तीन बटणं एकदम दाबली गेली. गाणं बंद, घड्याळ पुढे, आणि मागच्या काचेवर पाणी.

"बघ," त्या समाधानाने म्हणाल्या. "कारखान्यात टेक्निशियन दोन-दोन मोजे घालून काम करतात. आणि तू बटणं देतोस मुगाच्या दाण्याएवढी."

त्या शनिवारी देशकर नवराबायको आमच्याकडे जेवायला होते. जेवण होईतो नलिनीताईंना धीर नव्हता. माझ्या मुलीला, नऊ वर्षांच्या ईशाला, त्यांनी ते लाल मोजे चढवले, समोर कागदावर काढलेले स्क्रीन मांडले आणि वर पुठ्ठ्याची चौकट ठेवली.

"मशीन गरम झालं आहे. ते थांबव."

"मावशी, आय कान्ट! इट्स टू टायनी!"

"हं. मग हे?"

"दॅट्स ओके. बट व्हाय इज देअर अ पिक्चर? इट्स इन द वे."

चित्र माझं होतं. मशीनचं, रंगीत, ज्याच्यावर दिवे लुकलुकायचे. त्यावर मी आयुष्यातले बरेच दिवस घालवले होते. "पिक्चर इज नाइस, बेटा," मी म्हणालो. अनघा पोळ्या लाटता लाटता हसली. देशकरकाकांनी आयुष्यभराच्या अनुभवाने आमटीकडे लक्ष दिलं.

खरी गोष्ट सुरू झाली ती दोन हजार पाचच्या वसंतात. एका सोमवारी रिकने सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की तीन-तीन सॉफ्टवेअरं सांभाळणं आता जमत नाही. पुढच्या आवृत्तीत फक्त मोठी स्क्रीन. भिंतीवरचं पॅनेल आणि हातातलं यंत्र बंद. आत डोक्यापासून पायापर्यंत पांढरे सूट घालून काम करणाऱ्या टेक्निशियनांनी अलार्म आला की ऑफिसात येऊन पाहावं.

"मशीनपासून ऑफिस किती लांब आहे?" नलिनीताईंनी विचारलं.

"दहा मिनिटं? पांढरा सूट उतरवायला अजून दहा."

"परत चढवायला अजून दहा. तोवर मशीन काय करते?"

"नॅलिनी, माझ्याकडे तीन टीम नाहीत."

"तीन नको. ब्राउझरमध्ये उघडणारं एकच पान करू. जिथे उघडेल तिथल्या मापाने बसेल असं."

रिक हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्या काळात असं पान करणं म्हणजे एकच सदरा आजोबा, मुलगा आणि नातू तिघांना शिवण्यासारखं होतं. प्रत्येक वस्तूची जागा आम्ही स्क्रीनचे ठिपके, म्हणजे पिक्सेल, मोजून ठरवायचो. डावीकडून इतके, वरून इतके. नलिनीताईंना मापं ठिपक्यांत नको होती, हिश्शांत हवी होती. निम्मं, पाव, तिसरा हिस्सा. रुंदी कमी झाली की शेजारशेजारचे रकाने एकाखाली एक यावेत, अजून कमी झाली की जे सोडण्यासारखं आहे ते आपोआप गळावं.

रिकने तीन आठवडे दिले. शेवटच्या दिवशी कारखान्यात खऱ्या मशीनसमोर, खऱ्या टेक्निशियनच्या हातात चाचणी. जमलं तर लहान स्क्रीन राहणार. नाही तर दोन्ही बंद, आणि नलिनीताई बटणांवरची चिन्हं काढायच्या विभागात. मदतीला एक माणूस मिळेल, तो त्यांनी निवडावा.

त्यांनी मला निवडलं. पुढे कधीतरी मी कारण विचारलं. "तुझी चूक तुला दाखवली तर तू तीन मुद्दे मांडतोस आणि चौथ्या मिनिटाला दुरुस्त करतोस," त्या म्हणाल्या. "बाकीचे मुद्दे मांडत नाहीत आणि दुरुस्तही करत नाहीत."

त्या तीन आठवड्यांत मी त्यांना एकदाही चिडलेलं पाहिलं नाही आणि एकदाही थांबलेलं पाहिलं नाही. सकाळी कॉफीच्या आधी आदल्या दिवशीचं पान एकोणीस पुठ्ठ्यांखालून जायचं. स्क्रीन तीन होत्या, पुठ्ठे एकोणीस. "आज तीन आहेत. उद्याचं तू लिहून देतोस का?" एका ब्राउझरमध्ये बसलेलं दुसऱ्यात विस्कटायचं. मी "छे, हे होणार नाही" म्हटलं की त्या "बरं" म्हणायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. त्या 'बरं'ने मला माझ्या आईच्या रागावण्यापेक्षा जास्त कामाला लावलं.

आणि तरीही मी एक लबाडी केलीच. माझं ते मशीनचं चित्र. ते प्रत्येक मापात बसवण्याच्या नादात 'थांबवा'चं बटण सारखं इकडेतिकडे ढकललं जायचं. शेवटी वैतागून मी त्या एका बटणाची जागा गुपचूप जुन्या पद्धतीने, ठिपके मोजून पक्की केली. वरून इतके, डावीकडून इतके. पुठ्ठ्यांखाली ते बरोबर दिसलं. मी गप्प बसलो.

चाचणीच्या दिवशी नलिनीताई पुठ्ठ्यांचा गठ्ठा छातीशी धरून कारखान्यात आल्या आणि दारातच अडल्या. आत धुळीचा एक कण चिपची वाट लावतो, म्हणून पुठ्ठा, कागद काही आत जाणार नाही. त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. मग दारावरची बाई चाचरत म्हणाली, मेकअपसुद्धा चालत नाही, तुमच्या कपाळावर ती पावडर आहे.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात नलिनीताई बेसिनपाशी पोचल्याही होत्या. साबण लावून कपाळ खसाखसा धुतलं.

"ताई, अहो..."

"अहो काय? देशकरांना काही होत नाही. ते घरी शब्दकोडं सोडवून राहिले. कुंकू संध्याकाळी पुन्हा लावता येते. मशीनपाशी मला पुन्हा कोण नेणार आहे?"

पांढरे सूट, बूट, टोपी, तोंडावर पट्टी, हातात मोजे. सगळ्यांचे फक्त डोळे उघडे. आत मारिया नावाची टेक्निशियन उभी होती. चाळिशीची, पंधरा वर्षं त्याच मशीनांबरोबर काढलेली. रिक हाताची घडी घालून मागे. भिंतीवरच्या पॅनेलवर आमचं पान उघडलं. रकाने एकाखाली एक, अलार्म वर, सगळं जिथल्या तिथे. नलिनीताईंनी मारियाच्या हातात यंत्र दिलं. तिथेही पान नीट उघडलं. मी मनात पेढे वाटायला घेतले.

मारियाने यंत्र आडवं केलं.

आम्ही दोघं तीन आठवडे ते उभं धरत होतो. तिने दोन्ही हातांच्या मोज्यांत नीट धरता यावं म्हणून ते आडवं केलं. पान वळलं, रकाने पसरले, चित्रावरचे दिवे छान लुकलुकले. आणि 'थांबवा'चं बटण नाहीसं झालं. ते आपल्या पक्क्या जागी, वरून मोजलेल्या ठिपक्यांवर होतंच, फक्त स्क्रीन तिथवर उरली नव्हती.

"बटण कुठे आहे?" मारिया म्हणाली.

तोंडावर पट्टी असल्याचा मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

"सॉरी, नॅलिनी," रिक म्हणाला. "प्रयत्न चांगला होता."

"चाचणीचा दिवस किती वाजता संपतो?" त्यांनी विचारलं.

"माझी चारला मीटिंग आहे."

"आता एक वाजला आहे." मग त्या मारियाकडे वळल्या. "तुम्ही नेहमी असंच आडवं धरता?"

"सगळेच धरतात," मारिया म्हणाली. "कुणी विचारलंच नाही कधी."

बाहेर येऊन सूट उतरवून आम्ही कारखान्याच्या कँटीनमध्ये लॅपटॉप उघडला. मी लबाडी कबूल केली. या वेळी एकही मुद्दा मांडला नाही. नलिनीताईंनी ऐकून घेतलं. त्यांचं कपाळ कोरं होतं आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"तुझं ते चित्र फार सुंदर आहे, शिरीष," त्या म्हणाल्या. "मी आधी कधी म्हटलं नाही, हे माझं चुकलं. त्यात खूप जीव ओतलास तू."

"हो."

"आता ते काढ."

"मोठ्या स्क्रीनवर तरी..."

"मोठ्या स्क्रीनवर राहू दे. तिथे जागा आहे, तिथे लोक बसून कॉफी पितात. मारियाच्या समोर खरं मशीन उभं आहे, तिला चित्र कशाला? तिला तीन गोष्टी पाहिजेत. कोणतं मशीन, काय झालं, आणि बटण. बाकी सोड."

मी चित्र काढलं. ते काढल्यावर बटणाला कुणी ढकलणारंच उरलं नाही. त्याची ठिपक्यांतली जागा पुसून त्याला स्क्रीनच्या रुंदीचा पूर्ण हिस्सा दिला, मेसेजच्या लगेच खाली. तीन आठवडे ज्याच्याशी झुंजलो ते चाळीस मिनिटांत मिटलं. उरलेला वेळ नलिनीताईंनी ते यंत्र उभं, आडवं, उलटं करून पाहण्यात घालवला. कँटीनमधल्या दोघा कामगारांच्या हातांतही त्यांनी ते देऊन पाहिलं.

साडेतीनला पुन्हा सूट, पुन्हा आत. मारियाने यंत्र घेतलं, आडवं केलं. अलार्म वाजला. तिने मोज्याच्या अंगठ्याने बटण दाबलं, स्क्रीनकडे न बघता. तिची नजर मशीनवर होती.

"ओके," ती म्हणाली. "हे ठेवा."

रिकने घड्याळाकडे पाहिलं, मग नलिनीताईंकडे. "ठेवू," तो म्हणाला.

लहान स्क्रीन राहिल्या. तीन गटांचा एक गट झाला आणि रिकने नलिनीताईंना त्याच्या प्रमुख केलं. त्यांनी एकच अट घातली. गटातल्या प्रत्येकाने महिन्यातला एक दिवस कारखान्यात आत जाऊन उभं राहायचं. काही करायचं नाही, सांगायचं नाही, नुसतं बघायचं. रिकने नियम केला. पहिले काही महिने सगळे कुरकुरले, मी सर्वांत जास्त. दिवसभर पांढऱ्या सूटमध्ये उभं राहिलं की नाक नेमकं तेव्हाच खाजतं. पण दोन वर्षांत आमच्या पानात जे जे बदललं, त्यातलं जवळजवळ सगळं त्या खाजऱ्या दिवसांतून आलं.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात नलिनीताईंनी नोकरी सोडली. मुलीला टेक्सासात फ्रिस्कोला नोकरी लागली होती, नात झाली होती, आणि देशकरकाकांना आता एकट्याने दुपार काढणं जमत नव्हतं. शेवटच्या दिवशी ऑफिसात साडेबाराला जेवण ठेवलं होतं. अनघाने पुरणपोळ्या करून पाठवल्या होत्या, रिकने भाषण लिहून आणलं होतं, केकवर नाव अचूक लिहून घेतलं होतं. पाऊण वाजला, नलिनीताई नाहीत. फोन बंद. रिक म्हणाला, "शिरीष, तू बघ."

मी कारखान्यात गेलो. पाहुण्यांसाठी तिथे काचेची लांब खिडकी आहे, तिच्यातून आतलं दिसतं. आत तीस-चाळीस पांढरे सूट वावरत होते, एकासारखे एक. कोण कुठे ते त्यांच्या आईलाही ओळखता आलं नसतं. सगळे काही ना काही करत होते. फक्त एक सूट, बाकीच्यांच्या खांद्याएवढा, एका मशीनपासून दोन पावलं मागे, हात पाठीशी बांधून उभा होता आणि एका नव्या टेक्निशियनचे हात बघत होता.

मी काचेवर टकटक केलं. त्यांनी वळून पाहिलं नाही. पुन्हा केलं. तेव्हा पाठीमागच्या दोन हातांतला एक सुटला, पंजा माझ्याकडे उघडला, थांब म्हणाला आणि परत पाठीशी गेला.

रिकचा फोन आला. "सापडली का? केक वितळतोय."

"सापडल्या," मी म्हणालो. "तुम्ही सुरू करा. त्या कामात आहेत."